किल्ला हलवला आणि मासे तिकडे गेले

प्रश्न: नमस्कार सर, आमच्याकडे दोन फुटी टँकमध्ये दोन गोल्डफिश आहेत. परवा टँक धुताना मुलीने आतला किल्ला उलट्या बाजूला ठेवला, तर संध्याकाळी खाऊच्या वेळी दोघंही रोजचा कोपरा सोडून किल्ल्यापाशी जाऊन थांबले! माशाच्या लक्षात तीनच सेकंद राहतं ना, मग हे कसं काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ते तीन सेकंदांचं आधी डोक्यातून काढून टाका, अजिबात खरं नाहीये. तुमच्या माशांनी किल्ल्याची खूण धरली होती, किल्ला सरकला तशी त्यांची खाऊची जागापण सरकली. आपण नाही का पत्ता सांगताना मारुतीच्या देवळापासून डावीकडे म्हणतो, तसंच.

पण मासा एकाच खुणेवर अडून राहतो असंही नाही. स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठातल्या लोकांनी 1994 साली गोल्डफिशला अधिकच्या चिन्हासारख्या चार फाट्यांच्या टाकीत खाऊ शोधायला शिकवलं, मग नवीनच टोकातून सोडलं तरी मासे बरोबर जागी पोचले, कारण टाकीबाहेर खोलीत काय कुठे आहे ते त्यांनी बघून ठेवलं होतं, आणि भोवती पडदा लावल्यावर मात्र गडबडले. पुढे त्यांनी हेही दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागाची बाहेरची कड काढली तर मासा एका ठळक खुणेकडे जाऊ शकतो पण चार खुणांवरून जागा काढणं त्याला जमत नाही. आपल्यात हे काम हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूत आत दडलेला भाग करतो. आपल्या मेंदूची भिंत वाढताना आत वळते, माशाची बाहेर उलगडते, म्हणून आपल्यात आत दडलेला भाग त्याच्यात कडेला येतो. मला हे फार भारी वाटतं!

2024 मध्ये तर जर्मनीत ट्यूबिंगनला झेब्राफिशच्या (हा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला मासा) पिल्लात ठरावीक जागी गेल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं, अंग पारदर्शक, त्यामुळे पोहता पोहता मेंदूत कुठली पेशी उजळते ते मायक्रोस्कोपमधून सरळ दिसतं.

तुम्ही कोकणातले म्हणून अजून एक सांगतो. बहामाजच्या किनाऱ्यावर एक छोटा गोबी मासा असतो, ओहोटीला खडकातल्या डबक्यात अडकला आणि कुणी मागे लागलं की उडी मारून थेट शेजारच्या डबक्यात पडतो, आणि ते डबकं त्याला तिथून दिसतही नसतं! लेस्टर अरॉनसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये दाखवलं की भरतीत त्याच खडकांवरून पोहताना तो खड्डे कुठे आहेत ते शिकून ठेवतो, आणि त्याला एक भरती पुरते. चुकला तर कोरड्या खडकावर आपटणार, म्हणजे जिवाचाच प्रश्न.

तेव्हा पुढच्या वेळी टँक धुवाल तर सगळं एकदम नका हलवू, निदान किल्ला तरी जागेवर ठेवा आणि खाऊ त्याच्यापाशीच टाका.