"सायन्सची आवडच नाही हो तिला!"

दहावीचा निकाल जवळ आला की हे वाक्य पालकांकडून हमखास ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते मुलीबद्दल असतं. मुलाबद्दल तेच पालक म्हणतात, "अभ्यास करत नाही, पण डोकं चालतं त्याचं."

करिअर समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली, तालुक्याच्या गावातली ही मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. सातवीतला भाऊ मोटारी खोलतो, ही गल्ल्यावर बसून बिलं लिहिते.

"आवड नाही हे कधी कळलं गं तुला?"

"तसं नाही ताई... मला जमणारच नाही ते."

"शाळेत प्रॅक्टिकलला काय करतेस?"

"रीडिंग लिहिते. अक्षर चांगलंय ना माझं. सर्किट मुलं जोडतात."

गाठ इथे होती. जे कधी हातातच घेतलं नाही, त्याची आवड कुठून येणार? मी वडिलांना सुचवलं, "दुरुस्तीला आलेला एक पंखा हिला द्या. मेन स्विच बंद करून शेजारी बसा, पण हात घालू नका."

पुढच्या भेटीत ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली. "कंडेन्सर गेला होता. अडीच मायक्रोफॅरडचा नवा टाकला, फिरला! पण ताई, जुन्यावरसुद्धा पातं हातानं ढकललं की पंखा फिरायचा. असं का?"

मी उत्तर दिलं नाही, सरांकडे पाठवलं. सिंगल फेजच्या, म्हणजे घरगुती विजेवरच्या मोटारीला सुरुवातीचा रेटा कंडेन्सरमुळे मिळतो, हे तीच मला येऊन सांगून गेली. वडील गप्पच झाले. मुलानं हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार मी रोजच्या कामात पडताळून पाहते: 'मला जमतं' हा विश्वास शाबासकीपेक्षा स्वतः केलेल्या कामातून पक्का होतो. आवड त्याच्या मागून येते. म्हणून कलचाचणीच्या आकड्यावर विसंबण्याआधी मुलीला करून बघू द्या.

तिनं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल घेतलं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फीची धास्ती असेल तर चौकशी करा: ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

आणि शिक्षकांनो, प्रॅक्टिकलच्या गटात वही आणि वायर आळीपाळीनं फिरवा. मुली आपणहून मागणार नाहीत.