'हिजरत'ला सरळ 'स्थलांतर' का म्हणत नाहीत?

प्रश्न असा आलाय की फाळणीवरच्या उर्दू कादंबऱ्यांच्या अनुवादात 'हिजरत' तसाच का ठेवतात, 'स्थलांतर' लिहिलं तर काय बिघडतं.

डिक्शनरीतल्या अर्थापुरतं फार काही नाही बिघडत. पण उर्दू वाचणाऱ्याला हा शब्द आला की ६२२ साल आठवतं, पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले ते. हिजरी सन तिथूनच मोजतात (जन्मापासून नाही, गाव सोडल्यापासून, मला हे भारी वाटतं). गाव सोडून आले ते मुहाजिर आणि मदिनेतल्या ज्यांनी त्यांना आसरा दिला ते अन्सार. १९४७ला भारतातून पाकिस्तानात गेलेल्यांना मुहाजिर म्हटलं गेलं तेव्हा ही सगळी गोष्ट त्यांच्या अंगाला चिकटून आली, म्हणजे आता कोणीतरी अन्सारही असायला हवेत ना, आणि लेखक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

मग 'वनवास' चालेल का? तर नाही, उलटंच होईल. वनवासाला मुदत असते आणि शेवटी अयोध्या असते. हिजरतीत परतणं धरलेलंच नाही, ६३० मध्ये मक्का हाती आली तरी पैगंबर राहिले मदिनेतच. इंतजार हुसेन यांच्या 'बस्ती' या उर्दू कादंबरीची (१९७९) गंमत हीच आहे, नायक झाकिर पाकिस्तानात इतिहास शिकवतोय, १९७१चं युद्ध जवळ येतंय आणि याचं मन सारखं लहानपणीच्या, भारतात राहिलेल्या रूपनगरात, जिथे पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर असल्याच्या गोष्टी त्याने ऐकल्यात. नावाला हिजरत, आत चालू वनवास. तिथे 'स्थलांतर' टाकलंत की हा ताणच जातो.

असा शब्द न वापरताही जुनी कथा अशी आत आणता येते. अब्दुलरझाक गुरनाह यांच्या पूर्व आफ्रिकेत घडणाऱ्या 'पॅरडाइज' या इंग्रजी कादंबरीत (१९९४) बापाच्या कर्जापायी व्यापाऱ्याच्या हवाली केलेला पोरगा युसुफ, व्यापारी अझीझ, त्याच्या बायकोचा युसुफवर जीव आणि मागून फाटलेला सदरा, सगळं कुराणातल्या युसुफच्या कथेतलं. फक्त त्या युसुफला पुढे इजिप्तमध्ये अधिकार मिळतो आणि हा शेवटी जर्मन फौजेमागे पळत सुटतो (सॉरी, शेवट फोडला).

तेव्हा पात्र नोकरीसाठी शहर बदलत असेल तर खुशाल 'स्थलांतर' लिहा, पण मूळात हिजरत असेल आणि आसपास मदिना, अन्सार, करबला (पैगंबरांचे नातू हुसेन जिथे मारले गेले ते) असलं काही दिसत असेल तर तो शब्द हलवू नका.