गोल्फच्या मैदानाने निसर्गाचं भलं होतं की वाटोळं?

तुम्ही विचारलंय की गोल्फची मैदानं निसर्गाला पोषक की घातक, आणि शेपटाला जोडलंय, 'निदान नाशिकसारख्या शेतीच्या जिल्ह्यात तरी ती नकोतच ना?' हे शेपूट नसतं तर मी उत्तर लिहिलं नसतं. आमच्या घरात हे वाक्य नऊ वर्षं ऐकतोय.

नाशिकात रिक्षावाल्याला गोल्फ क्लब सांगितलं तर तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडतो. तिथे क्रिकेट चालतं, सकाळी लोक ट्रॅकवर फेऱ्या मारतात, गोल्फ फक्त नावात उरलंय. मी बोलतोय ते खऱ्या, अठरा होलच्या मैदानाबद्दल. चेंडू पहिल्यांदा मारतात तिथपासून तो ज्या भोकात घालायचा तिथपर्यंतचा सगळा पट्टा म्हणजे एक होल. कृषी पदवीनंतर चार वर्षं अशा एका ठिकाणी गवत सांभाळायला होतो. कुठलं ते सांगत नाही.

घर दिंडोरी तालुक्यात. चुलत्यांची सहा एकर द्राक्षबाग. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. 'बीएस्सी ॲग्री करून पोरगं साहेबांच्या गवताला पाणी घालतंय' हे त्यांनी भावकीतल्या प्रत्येक लग्नात सांगितलंय.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये कावळे आणि बगळे फेअरवे, म्हणजे होलमधला कापलेल्या गवताचा मधला पट्टा, उकरायला लागले. म्हणजे खाली हुमणी, मुळं खाणारी अळी. गवत हाताने ओढलं तर गालिच्यासारखं वर आलं, मुळं साफ. रविवारी स्पर्धा होती, मॅनेजर मागे लागला. शुक्रवारी दुपारी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यातून मुळांशी ओतलं. आभाळ भरलेलं दिसत होतं. रात्री धो धो कोसळला. सकाळी उताराच्या टोकाच्या तळ्यात चिलापी पोटं वर करून तरंगत होती, काठाला थरच लागला होता. दबाव मॅनेजरचा होता, पण फवारणीच्या वहीत सही माझी. औषधाच्या डब्यावर माशांना विषारी असल्याचं लिहिलेलं असतं आणि ते मी वाचलेलंही होतं.

आणि नेमके त्याच सकाळी, पोळ्यासाठी मला घरी न्यायला, तात्या मोटारसायकलवरून आले. तळ्यापाशी उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बैलसुद्धा आभाळ बघून गोठ्याकडे वळतो रे."

पुरणपोळीच्या ताटावर भांडण झालं. मी त्यांची निर्यातीची नोंदवही आणली आणि ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतच्या फवारण्या मोठ्याने मोजल्या. चाळीसच्या वर. सहाही एकरावर, प्रत्येक वेलीवर. डाउनी या बुरशीरोगाच्या धास्तीने काही आठवडे दिवसाआड ब्लोअरने, म्हणजे फवारणीच्या यंत्राने, फवारणी. आमच्याकडे मैदानावर नियमित बुरशीनाशक फक्त ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, आणि अठरा होलच्या सगळ्या ग्रीन मिळून भरतात जेमतेम तीन एकर. फेअरवेवर वर्षात दोन-तीनदा, रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढू दिलेल्या गवतात, शून्य. "तात्या, विष कोण जास्त ओततं ते तुम्हीच सांगा," म्हणालो. २०१०ची आठवणही काढली. त्या हंगामात क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती आणि ते ज्या नावाने विकलं जातं त्या लिहोसिनचं नावसुद्धा तात्या घरात काढू देत नव्हते.

पाखरांचाही हिशेब मांडला. बुलबुल दिसला की तात्या फटाके लावतात, बागेवर जाळी टाकतात. आमच्या फेअरवेच्या कडेला टिटवीने अंडी घातली की आम्ही भोवती चार काठ्या रोवून सुतळी बांधायचो आणि कापणीचं मशीन वळवून न्यायचो. तात्यांच्या शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर बेडूकही टिकत नाही, त्याच वर्षी त्यात घसरून कोल्हा मेला होता.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "माझं द्राक्ष कोणीतरी खातं. तुझं गवत कोण खातं?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तरीही वहीतले आकडे माझ्याच बाजूने आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र तात्या जिंकले. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर धरा. एका एकराला वीस हजार लिटर झाले. ऐंशी एकर ओलीत असेल तर रोजचे सोळा लाख. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, आणि क्रिकेटचं मैदान गोल्फच्या एका होलच्या आसपास भरतं. आपल्याकडे पाऊस कमी पडला की जायकवाडीला किती सोडायचं यावरून कोर्टकचेऱ्या होतात. अशा जिल्ह्यात धरणाचं किंवा बोअरचं पाणी गोल्फच्या गवतावर टाकणं हा शुद्ध माजोरीपणा आहे. सांडपाणी शुद्ध करून वापरत असतील तर माझी हरकत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं म्हणाल तर मैदानाच्या आधी त्या जागी काय होतं ते बघा. दिल्ली गोल्फ क्लब शहराच्या मधोमध आहे, जुने मकबरे, मोर, दाट झाडी. तिथे मैदान नसतं तर आज सिमेंट असतं. उलट ट्रम्प यांनी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या उत्तरेला वाळूच्या टेकड्यांवर मैदान केलं. त्या टेकड्यांचं मोल त्यांच्या हलत्या वाळूत होतं. वाळू गवताने बांधली गेली आणि २०२०मध्ये तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेने त्या जागेचा संरक्षित दर्जाच काढून घेतला. अमेरिकेत १९८४ साली न्यूयॉर्कजवळच्या एका मैदानावर डायझिनॉन हे कीटकनाशक मारल्यावर गवत चरायला उतरलेले सातशेच्या आसपास ब्रँट हंस मेले. त्यानंतर गोल्फ मैदानांवर ते औषध बंद झालं. म्हणजे माझं तळं पहिलं नव्हतं, याचं समाधान मानायचं का ते कळत नाही.

एक राहिलं. 'पडीक माळावर करा की मग' असं कोणी म्हणालं तर मान हलवू नका. माळ पडीक नसतो. चंडोल, कोल्हे, धनगरांच्या मेंढ्या, सगळे त्याच्यावर जगतात. नोकरीत असताना हे मला सुचलं नव्हतं, आमचंही मैदान माळ सपाट करूनच झालं होतं.

आणि तुम्ही स्वतः मैदानावर नोकरीला असाल तर हुमणी जमिनीत जाण्याआधीच धरा. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे, म्हणजे तिचे पूर्ण वाढलेले किडे, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवायच्या, खाली पडतात ते रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. चौथ्या वर्षी आम्ही तेच केलं. मेहनत फार आणि मजूर कंटाळतात, पण त्या वर्षी आळवणी लागली नाही. हुमणी ऊस, भुईमुगालाही सोडत नाही, तेव्हा शेतकऱ्यांनाही हे लागू आहे.

तात्या मोबाईलवर असलं सगळं वाचतात. तात्या, वाचत असाल तर, ब्लोअर धुवायचा खड्डा विहिरीपासून लांब खणतो असं तुम्ही त्याच पोळ्याला म्हणाला होतात. मागच्या महिन्यात आलो तेव्हा ब्लोअर विहिरीपाशीच धुतला जात होता.