डिलिव्हरीवाल्याच्या हातात काय द्यावं?

प्रश्न : आम्ही लातूरला औसा रोडला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमच्याकडं सारखं काही ना काही येत असतं, मुलांची पुस्तकं, सासूबाईंची औषधं, रविवारी कधी जेवण पण. या उन्हाळ्यात मी दाराशी एक डबा ठेवला, बिस्किटचे पुडे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की असं, आणि येईल त्याला घे रे बाबा म्हणते. तर घरात त्याच्यावरून रोज वाद चालू. मिस्टर म्हणायलेत त्यांना पगार मिळतो की, तू कशाला सवय लावायलीस. सासूबाई म्हणतात ही सगळी नवी फॅडं आहेत. बरं, निम्मी पोरं घेतच नाहीत, "नको मॅडम, नको मॅडम" करत जिन्यावरून पळतात आणि मलाच ओशाळल्यासारखं होतं. बंद करू का हे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बंद कशाला करता ताई, डबा राहू द्या, फक्त द्यायची पद्धत थोडी बदला.

आधी मिस्टरांचं बघू. पगार म्हणतात तो बऱ्याच जणांना नसतोच हो, जेवण आणणाऱ्या पोरांना ऑर्डरमागं पैसे, गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पंक्चर झालं तर तेही स्वतःच्याच खिशातून. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांचं पहिल्यांदा नाव आलं, ती लागू व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्यासाठीच्या निधीत टाकावेत असं त्यात आहे. म्हणजे कायदा आत्ता कुठं उंबऱ्यापाशी आलाय. तुमच्या लाडवानं त्यांची सवय बिघडेल ही काळजी मिस्टरांनी सोडून द्यावी.

आता ती पोरं पळतात का. तोंडाला रुमाल, डोक्यात हेल्मेट, एका हातात पार्सल, दुसऱ्या हातात फोन, त्याच्यावर पुढची ऑर्डर आधीच वाजायलेली, आणि तुम्ही म्हणता थांब रे, डबा आणते. तो थांबला की त्याचे पैसे थांबले. त्यात अनोळखी दारात उभं राहून खायचं म्हणजे लाजही वाटते, घेतलं तर हपापलेला दिसीन असं वाटतं. म्हणून बेल वाजायच्या आधी ओटीपी तयार ठेवा, पार्सल घेता घेता पुडा हातात द्या, "राहू दे सोबत, नंतर खा" एवढंच म्हणा आणि दार लावा. नको म्हटला तर नको, दुसऱ्यांदा आग्रह करू नका. पाव्हण्याला करतो तसला आग्रह इथं जाच होतो.

चिक्की मात्र काढा डब्यातून. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं गेला की गूळ सुटतो आणि पिशवीत सगळा राडा. चॉकलेटचं तर विचारूच नका. खारे शेंगदाणे चांगले, घामातून मीठ गेलेलं असतं. केळी त्याहून चांगली, अर्धापूरची मिळाली तर बघायलाच नको, हात धुवायची गरज नाही, साल फेकली की झालं, आणि पोटाला आधार होतो. जालन्याकडची मोसंबी छानच, पण ती रस्त्यात सोलून खाणं होत नाही, घरी लेकरासाठी नेतील म्हणून द्यायची. राजगिरा आणि शेंगदाणे उपवासालाही चालतात, म्हणजे एकादशी आहे का विचारायला नको. रमजानमध्ये पुष्कळ पोरांचा रोजा असतो, तेव्हा पाणी घे, पाणी घे म्हणून मागं लागू नये, चार खजूर कागदात बांधून द्यावेत, संध्याकाळी रोजा सोडताना कामाला येतात.

पण मला विचाराल तर खाण्याच्या आधी पाणी. तुमचा तिसरा मजला, त्याची बाटली खाली गाडीला लटकवलेली, आणि त्यातलं पाणी चहा करता येईल इतकं तापलेलं. लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगावं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव तुमचं. बिल्डिंगच्या खाली जिन्याजवळ सावलीत नळ बसवलेला एक माठ ठेवा, भरायची पाळी लावून घ्या, नाहीतर आठ दिवसांनी त्यात डासच होतील.

एक गोष्ट जरा कडक लिहिते. ग्लास तुमच्या घरात जो वापरता तोच द्या, नाहीतर सगळ्यांनाच कागदी कप. गावाकडं वळचणीला कुणाकुणासाठी वेगळी कपबशी खोचलेली असायची हे आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही, आणि फ्लॅटमध्ये तीच कपबशी "कामवाल्यांचा ग्लास" होऊन ओट्याखाली बसलेली मी पाहिलीय. तसंच घरात कुणी खाईना म्हणून दोन दिवसांचा केक देणं, हे देणं नाही, डबा रिकामा करणं आहे. आणि कृपा करून त्याचा रील काढू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांना विचारा, दिवाळीला पोस्टमनला पोस्त आणि फराळाची पुडी कोण द्यायचं. जानेवारीत रस्त्याकडच्या रानात हुरडा भाजत असला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय कुणी खायचं का. यात नवं काय आहे. डबा त्यांच्याच ताब्यात द्या, बघा उद्यापासून त्याच विचारतील शेंगदाणे संपले का म्हणून.

प्रश्न : आमचा गॅसवाला चहा पितो, फरसाण खातो आणि वरून दर सिलिंडरला पन्नास रुपये मागतो. न दिल्यास पुढच्या वेळी उशीर. मग खाऊ कशाला द्यायचा?
– जिंतूर रोड, परभणी

उत्तर : या दोन गोष्टी एकात घालू नका. घरपोच देण्याचा खर्च सिलिंडरच्या बिलातच असतो, उलट आपण स्वतः गोडाऊनवरून आणला तर तेवढी सूट मिळते. त्यामुळं मागून घ्यायचा हक्क त्याला नाही. पावतीवर आहे तेवढेच द्या, ऑनलाइन भरा म्हणजे विषयच मिटला, वजन करून मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि मुद्दाम उशीर केला तर एजन्सीकडं लेखी तक्रार. पण घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन, धरून चला तीस किलोच्या आसपास. ते खांद्यावर घेऊन कुणी जिना चढला तर आपणहून दहा-वीस दिले म्हणून काही बिघडत नाही. मागून घेतलेले पैसे वेगळे. चहा द्यायचा का नाही ते तुमच्या मनावर, मी असते तर माणूस बघून ठरवलं असतं.

प्रश्न : मी स्वतः संभाजीनगरला डिलिव्हरी करतो, दिवसा अभ्यासिका, संध्याकाळी गाडी. काकू लोक प्रेमानं काय काय देतात पण दर घरी खाणं होत नाही, नको म्हटलं तर तोंड पाडतात. रागावून रेटिंग कमी दिलं तर? आणि खरं सांगू का, खाऊपेक्षा घर लवकर सापडलं तर बरं. सिडकोत रात्री घराचा नंबरच दिसत नाही, फोन केला तर उचलत नाहीत.
– एक स्पर्धा परीक्षावाला

उत्तर : "काकू, आत्ता गडबड आहे, बांधून द्या" म्हण, नव्वद टक्के काकू खूश होतात, उरलेल्यांचं काही करता येत नाही. बांधून दिलेलं रूमवरच्या पोरांत वाट. रेटिंगची भीती असेल तर निघताना थँक्यू तेवढं मोठ्यानं म्हणत जा.

आणि वाचकांनो, सिडकोतलं एन-सात सेक्टर काय, एन-नऊ काय, गल्ल्या सगळ्या सारख्याच. गेटवरचा नंबर रंग उडाला असेल तर परत रंगवून घ्या, ऑर्डर केली की बाहेरचा दिवा लावा, लोकेशनची पिन शेजारच्या गल्लीत पडत असेल तर ॲपमध्ये एकदा बसून नीट करा, आणि अनोळखी नंबर आला तरी उचला, कुत्रं असेल तर बांधा. बाथरूम वापरू का असं कुणी विचारलं, विशेषतः डिलिव्हरीवाल्या बाईनं, तर हो म्हणा.