हवा काढूनही ब्रेक पुन्हा मऊ का होतो?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. महिन्यापूर्वी पुढचे ब्रेक पॅड नवे बसवले आणि मागचे ड्रम उघडून साफ करून घेतले. तेव्हापासून पेडल स्पंजावर पाय ठेवल्यासारखे मऊ लागते. दोन-तीनदा पंप केले की वर येते. मेकॅनिकने दोनदा ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून दिली, परंतु चार-सहा दिवसांत पुन्हा तेच होते. मागच्या आठवड्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना पेडल जवळजवळ तळाला गेले. टाकीतले ब्रेक ऑइलही कमी झाले होते, ते मी भरले. आता मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळत आहे. तो खर्च करावा काय?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : सर्वप्रथम एक कळकळीची विनंती आहे. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत ही गाडी चालवू नये; गॅरेजपर्यंतही ती टो करूनच न्यावी. घाटात जे घडले ते वर्धा रोडच्या गर्दीत घडायला वेळ लागणार नाही.

मास्टर सिलिंडरचा खर्च मात्र आपण तूर्त थांबवावा, कारण आपल्या पत्रातील एक तपशील दुसरीकडे बोट दाखवतो. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढते आणि टाकीतील पातळी सावकाश उतरते. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की तेच ऑइल टाकीत परत येते. म्हणजे पॅड बदलल्यावर पातळी वर जायला हवी होती. ती महिन्याभरात खाली आली, त्याअर्थी ऑइल कुठून तरी बाहेर जात आहे आणि बहुधा त्याच वाटेने हवा आत येत आहे. ती वाट बुजवल्याशिवाय कितीही वेळा हवा काढली तरी आठवड्याभरापलीकडे गुण येणार नाही.

माझा पहिला संशय मागच्या व्हील सिलिंडरवर, म्हणजे ड्रमच्या आत ब्रेक शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरवर आहे. ड्रम साफ करताना पुष्कळ ठिकाणी सर्रास पेट्रोल किंवा रॉकेल वापरले जाते. या सिलिंडरातील रबरी कप ब्रेक ऑइल सोसण्यासाठी केलेले असतात. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागले की ते फुगतात, मऊ पडतात आणि दाब धरत नाहीत. दोन्ही मागचे ड्रम काढून घ्यावेत आणि सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखाने किंचित उचलून पाहावी. आत नुसता ओलसरपणा असेल तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु ऑइलचा थेंब ओघळला, किंवा बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला ओल धरून काळी धूळ चिकटलेली दिसली, तर तो सिलिंडर गेला असे समजावे. तो नवा बसवावा आणि ऑइलने भिजलेले ब्रेक शू पुसून पुन्हा वापरू नयेत. शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते.

मागे सर्व कोरडे निघाले, तर कॅलिपर, पाइपचे जोड आणि रबरी होज पाहावेत. एकाने पेडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने होजवर बोटे ठेवावीत. दाबासरशी होज फुगत असेल तर तो बदलावा. त्यानंतर मास्टर सिलिंडरची पाळी येते. इंजिन चालू ठेवून पेडलवर हलका, एकसारखा दाब अर्धा मिनिट द्यावा. बाहेर कुठेही गळती नसताना पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर मास्टर सिलिंडरचे आतले सील दाब सोडत आहेत. या दोषात ऑइल आतल्या आतच फिरते, टाकीतील पातळी उतरत नाही. मात्र मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळले, तर ऑइल बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात) जाते. या दोहोंमधला जोड सैल करून ओल पाहावी. पेडल दाबलेले असताना इंजिन सुरू करताच ते किंचित खाली जाणे हा मात्र दोष नव्हे. तो बूस्टर काम करीत असल्याचा पुरावा आहे.

पंप केल्यावर पेडल वर येण्याचे आणखी एक कारण म्हणजे मागच्या शूची ढिली ॲडजस्टमेंट. हँडब्रेक ओढून पेडल दाबून पाहावे. ते लगेच उंच व कडक लागले, तर हवा काढण्याआधी शू ॲडजस्ट करावेत.

घाटातील अनुभवाला जुने ऑइलही कारणीभूत असू शकते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताजे डॉट ३ प्रतीचे (ही प्रत डब्यावर लिहिलेली असते) ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांची हवा हे ऑइल उकळवू शकत नाही, परंतु उतारावर सतत दाबून धरलेला ब्रेक उकळवतो, आणि झालेली वाफ हवेप्रमाणेच दबते. म्हणून वरचेवर भर न घालता सर्व ऑइल बदलावे, पुढेही दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. तरी गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. चाकाजवळच्या हवा काढण्याच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवावे, आणि पेडल सोडण्यापूर्वी निप्पल घट्ट करावा. टाकी रिकामी होऊ देऊ नये. दहा वर्षांहून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, कारण पिस्टन नेहमीपेक्षा खोल गेला की तिथल्या गंजलेल्या भागावर सील फाटतात आणि चांगला मास्टर सिलिंडर हकनाक जातो.

काम झाल्यावर पेडल कडक राहते याची उभ्या गाडीत खात्री करावी आणि मोकळ्या जागेत कमी वेगाने चाचणी घ्यावी. टाकीवर ऑइलच्या पातळीशी पेनाने खूण करून पंधरा दिवस रोज सकाळी पाहावी. ऑइल खुणेवर टिकले, पेडलही कडक राहिले आणि वरील चाचणीत ते खाली बसले नाही, तर मास्टर सिलिंडर बदलण्याची गरज नाही.