सील बदलूनही तेल का गळते?

प्रश्न : माझा 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बराच जुना आहे. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडाखाली तेल ठिबकू लागल्याने गेल्या दिवाळीत क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याचे) मागचे ऑइल सील बदलून घेतले. चार महिने होत नाहीत तोच गळती पुन्हा सुरू झाली आणि आता रोटाव्हेटर लावला की क्लचही घसरतो. मिस्त्री क्रँकच बदलायला सांगतात. खरिपापूर्वी काय करावे?
– एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : क्रँक बदलण्याची घाई करू नये. आधी गळणारे तेल कोणते, ते ठरवावे. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअर बॉक्समधील, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) तळाशी असलेल्या छिद्राखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवावा. डिझेल इंजिनचे वापरलेले तेल काळेकुट्ट असते, तर गिअर बॉक्सचे तेल बहुधा तपकिरी असते आणि त्याला उग्र वास येतो. गळणारे तेल गिअर बॉक्सचे असल्यास दोष इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअर बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) सीलचा आहे आणि क्रँकचे सील विनाकारण बदलले गेले असावे.

तेल इंजिनचेच असेल, तर ब्रीदरची, म्हणजे इंजिनमधले वायू बाहेर सोडणारी, नळी तपासावी. अनेकदा खरे कारण येथेच सापडते आणि नेमके तेच तपासायचे राहून जाते. रिंगा आणि लायनर झिजल्यावर ज्वलनाचे वायू क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, क्रँक असलेल्या भागात) उतरतात. नळी चिखलाने किंवा काजळीने तुंबलेली असल्यास त्यांना बाहेर पडायला वाट उरत नाही आणि आतला दाब नव्या सीलच्या ओठाखालूनही (दांड्याला टेकणाऱ्या कडेखालूनही) तेल बाहेर ढकलतो. इंजिन गरम असताना तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर केवळ सील बदलून फार दिवस निभावणार नाही.

यानंतरच ट्रॅक्टर मधोमध, इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडावर, खोलावा. पुढचा आस मधल्या खिळीवर डोलत असल्याने, इंजिन एका बाजूला कलंडू नये म्हणून आसाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात. काढलेले सील फेकू नये. त्याचा ओठ कडक होऊन तडकला असेल तर ते उष्णतेने गेले आहे. एकाच बाजूला झिजला असेल तर सील तिरके बसले होते किंवा क्रँकला आधार देणारे मेन बेअरिंग ढिले आहे. क्रँक हाताने वरखाली हलत असेल, तर मिस्त्रींची शंका रास्त आहे. हलत नसेल आणि सील बसते तेथे नखाला अडणारी खाच लागली असेल, तर तिच्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते, अथवा जागा असल्यास सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवता येते.

नवे सील बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवावी, ओठाला इंजिन तेल लावावे आणि चहूबाजूंनी सारखे ठोकत ते सरळ बसवावे. पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) सील मात्र कोरडेच बसवायचे असते. तेलाने भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा लावू नये. अस्तरात मुरलेले तेल गरम झाल्यावर परत वर येते. ट्रॅक्टर खोललाच आहे, तर इनपुट शाफ्टचे सीलही त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण त्या सीलच्या किमतीपेक्षा पुन्हा खोलण्याची मजुरी कितीतरी अधिक पडते.