फाटक पडल्यावर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या रेल्वे फाटकावर गाडी दिसतही नसते, तरी आठ-दहा मिनिटं दांडा खाली. हातापाया पडलं तरी गेटमन उघडत नाही. त्याने मनात आणलं तर उघडता येणार नाही का? (एक वाचक, मिरज तालुका)

उत्तर : नाही येणार. फाटक आणि रेल्वेचा सिग्नल एकाच कुलपात अडकवलेले असतात, त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. दोन्ही बाजूंचे दांडे पूर्ण खाली येऊन लॉक झाल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होत नाही. एकदा तो हिरवा झाला की गाडी निघून जाऊन सिग्नल पुन्हा लाल होईपर्यंत गेटमनचं हँडल फिरत नाही.

आता वेळेचं बघा. 110 च्या वेगातली एक्सप्रेस सेकंदाला 30 मीटर कापते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला तिला साधारण एक किलोमीटर लागतो. म्हणून लोको पायलटला, म्हणजे गाडीच्या चालकाला, बराच आधी, डिस्टंट सिग्नलपाशीच (मुख्य सिग्नलच्या आधी सूचना देणारा सिग्नल), पुढचा रस्ता मोकळा दिसावा लागतो. म्हणजे फाटक पडतं तेव्हा गाडी चार-पाच किलोमीटर लांब असू शकते. मालगाडी 50 च्या वेगाने येत असेल तर पाच किलोमीटरला सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात दुसऱ्या लाईनीवर गाडी निघाली, तर फाटक मध्ये उघडतच नाही. जिथे इंटरलॉकिंग नाही तिथे स्टेशन मास्तर फोनवर प्रायव्हेट नंबर (फाटक बंद झाल्याची खात्री पटवणारा गुप्त आकडा) देऊन-घेऊन आधीच फाटक बंद करून घेतो, मग थांबणं आणखी वाढतं.

यात उशिराचं एक कारण आपणच आहोत. भोंगा वाजून दांडा खाली येत असताना एखादा टेम्पो घुसतो, मागून दोन दुचाक्या, आणि गेटमनला दांडा पुन्हा उचलावा लागतो. तेवढा वेळ सिग्नल लाल, गाडी बाहेर उभी. मुंबईच्या लोकलवाल्यांनी दिवा स्टेशनच्या फाटकापायी हे वर्षानुवर्षं सोसलं आहे. गेटमनशी हुज्जत घालून त्याला काम करू दिलं नाही तर रेल्वे कायदा 1989 चं कलम 146 लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही.

प्रश्न : बंद दांड्याखालून दुचाकी वाकवून काढली तर गुन्हा होतो का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : होतो. रुळांवर बेकायदा शिरल्याबद्दल कलम 147 आहेच. बंद फाटक परस्पर उघडलं तर कलम 160 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. चालत्या वाहनाने दांडा मोडला तर ते 'तोडणं'च.

प्रश्न : उसाच्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर रुळांवर बंद पडला तर काय करायचं? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : आधी तो तिथे बंद पडू नये म्हणून : पलीकडे ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या पूर्ण मावतील एवढी जागा रिकामी दिसेपर्यंत रुळांवर पुढचं चाक घालू नका. गिअर अलीकडेच खालचा घ्या, रुळांवर बदलू नका. मधेच गिअर टाकताना ट्रॅक्टर बंद पडू शकतो, आणि मग लोड ट्रॉली पुन्हा हलत नाही. विद्युत मार्गावर वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तार शिवायचीही गरज नसते, दोन मीटरच्या आत गेलेल्या माणसालाही झटका बसू शकतो. उसावर बसलेली माणसं फाटकाआधी खाली उतरवा आणि फाटकाअलीकडच्या उंचीच्या कमानीला मोळी घासली तर तिथूनच मागे फिरा.

तरीही अडकलाच, तर ट्रॅक्टर विसरा. सगळी माणसं खाली उतरवून रुळांपासून लांब न्या. गाडी ज्या बाजूने येणार त्याच बाजूला तिरकं पळा, कारण धडकेनंतर लोखंड आणि ऊस गाडीच्या दिशेने पुढे उडतात. एकाने लगेच गेटमनकडे धाव घ्यावी. तो सिग्नल लाल ठेवतो, स्टेशनला कळवतो आणि रुळावर फटाका सिग्नल (चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारा फटाका) लावतो : ब्रॉडगेजवर, म्हणजे नेहमीच्या रुंद रुळांवर, फाटकापासून 600 मीटरवर एक, 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. गेटमन नसेल तर 139 किंवा 112 ला फोन करा. 'गावाजवळच्या फाटकावर' एवढं सांगून भागत नाही. फाटकाचा नंबर किंवा जवळच्या खांबावर रंगवलेला किलोमीटरचा आकडा वाचून दाखवा. दोघांनी दोन्ही दिशांना, रुळांच्या बाजूने, पुढे जायचं. दोन्ही हात डोक्यावर उंच धरा किंवा कापड जोरात हलवा, रात्री टॉर्च अंगासमोर आडवा हलवा. लोको पायलटला हीच 'थांबा'ची खूण शिकवलेली असते.

प्रश्न : फाटकच नसलेलं क्रॉसिंग आता उरलं आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ब्रॉडगेजवरची विनाफाटक क्रॉसिंग जानेवारी 2019 अखेर संपली. त्याआधी त्यांनी फार बळी घेतले. फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूरजवळ कन्हानला लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेखाली आली आणि 50 हून अधिक माणसं गेली. आजही नॅरोगेजवर (अरुंद रुळांवर), कारखान्यांच्या साइडिंगवर (कारखान्यात जाणाऱ्या जोड-रुळांवर) अशी क्रॉसिंग भेटतात. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम 131 स्पष्ट आहे : वाहन थांबवायचं, क्लीनरने किंवा सोबतच्या कुणी उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी गाडी किंवा रुळांवरची ट्रॉली येत नाही हे बघायचं आणि मग वाहनाला वाट दाखवत पलीकडे न्यायचं. चालक एकटा असेल तर त्याने स्वतः उतरायचं. आधी कान मोकळे करा : गाणी बंद, काचा खाली. न थांबता किंवा गाडी दिसत असताना ओलांडलं तर रेल्वे कायद्याचं कलम 161, एक वर्षापर्यंत कैद.